आंतरक्रिया मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचं? (गाईडनी अख्खं प्रकरण परत पाठवलंय)

अर्धवट_नोट्स:

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एमए करतेय, शेवटचं वर्ष, आणि लघुप्रबंधात अडकलेय. विषय आहे ऑनलाइन अभ्यासगटातली विद्यार्थ्यांची आंतरक्रिया. एका चॅट ग्रुपचे पूर्ण सत्राचे मेसेज हाताशी आहेत, सगळ्यांची लेखी संमती घेतलीये, नावं काढून अक्षरं टाकलीयेत, त्यामुळे त्या बाजूने काळजी नाही. मी केलं असं की कोणी किती मेसेज टाकले, किती शब्द, किती इमोजी, दिवसाच्या कुठल्या वेळी, असा मोठा तक्ता केला आणि ज्याचे मेसेज जास्त तो जास्त आंतरक्रिया करतो असं धरून पुढचं सगळं विश्लेषण रचलं. आलेख वगैरे झकास आलेत.

गाईडनी प्रकरण परत पाठवलं, समासात एकच ओळ: ही आंतरक्रिया नाही, ही वारंवारता आहे. भेटायला गेले तर म्हणाले वेबर वाच, सिमेल वाच (दोघेही समाजशास्त्राच्या सुरुवातीच्या काळातले जर्मन विचारवंत), मग बोलू. आता वेबर वाचायचा म्हणजे काय एका रात्रीत होतो का!

त्यात भर म्हणजे संख्याशास्त्राच्या मॅडम दर लेक्चरला 'इंटरॅक्शन इफेक्ट' म्हणतात, दोन चलांचा (व्हेरिएबल्सचा) गुणाकार करून मॉडेलमध्ये टाकायचा. वर्गातल्या अर्ध्या जणांना वाटतं ही तीच आंतरक्रिया, फक्त आकड्यात. मला तसं वाटत नाही पण का वाटत नाही ते सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की मोजणं मुळात चूक नाहीये, मोजायची वस्तू बरोबर हवी. तर ती वस्तू कुठली? व्याख्या पाठ आहे, 'दोन किंवा अधिक व्यक्तींचा परस्परांवर होणारा प्रभाव', परीक्षेत लिहून मार्कही घेतलेत, पण त्या व्याख्येचं डेटासमोर बसल्यावर करायचं काय हे कोणी सांगेल का?

---

जुना_विद्यार्थी:

गाईडनी वेबर सांगितलाय तो उगीच नाही, आणि काळजी करू नका, अख्खा वाचायची गरज नाही. तो १९२० साली गेला, त्यानंतर त्याचं 'अर्थव्यवस्था आणि समाज' छापून आलं, त्याची पहिली काही पानं पुरेत. तिथे सामाजिक कृती कशाला म्हणायचं आणि कशाला नाही हे सांगताना त्याने दोन उदाहरणं दिलीयेत. पाऊस सुरू होतो आणि रस्त्यावरचे सगळे लोक एकाच वेळी छत्र्या उघडतात. सगळ्यांनी एकच गोष्ट केली, एकाच क्षणी केली, पण कोणी कोणाकडे पाहून केली नाही, प्रत्येकाने पावसाकडे पाहून केली. दुसरं, दोन सायकलस्वार एकमेकांवर आदळतात. नुसतं आदळणं हे वेबरच्या लेखी नैसर्गिक घटनेसारखंच आहे. पण आदळण्याआधी एकमेकांना चुकवायचा प्रयत्न, आणि आदळल्यावरची शिवीगाळ, मारामारी नाहीतर समजुतीचं बोलणं, हे मात्र सामाजिक.

आता हे तुमच्या ग्रुपवर लावून बघा. असाइनमेंट जमा करायच्या आदल्या रात्री मेसेजचा पूर येतो ना, त्यातला बराचसा भाग छत्र्यांचा आहे. सगळे डेडलाइनला प्रतिसाद देतायत, एकमेकांना नाही. दोघांनी एकाच मिनिटाला एकच लिंक टाकली, ती झाली सायकलींची टक्कर. आणि मग त्यातल्या एकाने 'अरे तू टाकलीस का, मी काढतो माझी' असं लिहिलं की तिथून पुढे खरा माल सुरू. तुमच्या तक्त्यात तिन्ही प्रकारच्या मेसेजना सारखाच एक गुण मिळालाय, गाईडना खटकलं असणार ते हेच.

सिमेलचंही थोडक्यात सांगतो. १९०८ च्या ग्रंथात त्याची भूमिका अशी की समाज म्हणून काही वेगळी वस्तू कुठे ठेवलेली नाहीये, माणसांमध्ये जे एकमेकांवर चालू असतं त्यालाच आपण समाज म्हणतो. तुमच्या कामाचा भाग म्हणजे त्याचं दोन आणि तीन माणसांच्या गटाबद्दलचं विवेचन. दोघांच्या गटातून एक उठून गेला की गटच संपतो, दोघांनाही ते माहीत असतं, आणि त्या माहीत असण्यानेच त्यांचं वागणं वेगळं होतं. तिसरा आला की मध्यस्थी करता येते, दोघांच्या भांडणात स्वतःचा फायदा करून घेता येतो, दोघांना मुद्दाम झुंजवता येतं. यातलं काहीही त्या तिसऱ्याच्या स्वभावात शोधून सापडणार नाही, कारण ते तीन असण्यात आहे. म्हणून 'प्रत्येकाचे मेसेज किती' हा प्रश्नच माणसाला एकटा काढून विचारलेला आहे. जोड्या बघा. तीन जणांत जोड्या तीनच होतात, दहा जणांत ४५ आणि तीस जणांच्या ग्रुपमध्ये ४३५, तेव्हा कामाचा डोंगर आहे हे आधीच सांगून ठेवतो :)

---

आकडेमोडे:

संख्याशास्त्राच्या मॅडमची बाजू घ्यायला कोणीतरी हवं म्हणून लिहितोय.

तो इंटरॅक्शन इफेक्ट वेगळा आहे पण इतकाही परका नाही. त्याचा उगम शेतात आहे. रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात फिशर आणि मॅकेन्झी यांनी १९२३ साली बटाट्याच्या जाती आणि खतं यांच्यावर पेपर लिहिला, त्यातला प्रश्न असा की वेगवेगळ्या जाती खताला वेगवेगळा प्रतिसाद देतात का. म्हणजे खताचा परिणाम किती हे जात सांगितल्याशिवाय सांगता येतं की नाही. येत नसेल तर इंटरॅक्शन आहे. बटाट्याला खताबद्दल काही वाटत नाही आणि खताला बटाट्याबद्दल, कोणी कोणाला चुकवत नाही की शिव्या देत नाही. त्यामुळे वर्गातल्या अर्ध्या जणांना सांगा, ही ती नव्हे.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे आणि ती माझ्या मते महत्त्वाची आहे, ती म्हणजे बेरीज फसते. समाजशास्त्रातलं याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण कोर्टातलं आहे. अमेरिकेत १९७६ च्या एका खटल्यात काही कृष्णवर्णीय स्त्रिया जनरल मोटर्सविरुद्ध गेल्या होत्या. कंपनीने १९६४ च्या आधी कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतलंच नव्हतं आणि नंतर मंदीत कपात केली ती ज्येष्ठतेनुसार, त्यामुळे नंतर आलेल्या या बायका बाहेर. कोर्टाचं म्हणणं काय, तर स्त्रियांना कंपनी आधीपासून घेत होती, म्हणजे लिंगभेद नाही (त्या स्त्रिया गोऱ्या होत्या!), वंशभेदाची तक्रार करायची तर ती वेगळी करा, दोन्ही एकत्र करून नवीनच प्रवर्ग तयार करू नका. किंबर्ले क्रेनशॉने १९८९ च्या लेखात नेमकं हे उचललं. वंशाचा रकाना वेगळा, लिंगाचा वेगळा, आणि जे घडलं ते दोघांच्या छेदावर, जिथे कोर्ट बघायलाच तयार नाही. हे तुमच्या मॅडमचा गुणाकार वापरून नीट सांगता येतं, आणि तरी यात दोन माणसांची आंतरक्रिया कुठेच नाही.

आता मूळ मुद्दा, मोजायचं काय. मोजायचं हे की आधी काय आलं त्यावर नंतर काय येणार हे किती बदलतं. समजा ग्रुपमध्ये 'ख' चे मेसेज एकूण मेसेजच्या २० टक्के आहेत. आता फक्त 'क' च्या मेसेजनंतर लगेच येणारे मेसेज वेगळे काढा. त्यात 'ख' चा वाटा ६० टक्के निघाला तर 'क' आणि 'ख' मध्ये काहीतरी शिजतंय, आणि तिथेही २० च्या आसपासच राहिला तर 'ख' कितीही बडबड्या असला तरी तो 'क' शी बोलत नाहीये. याला क्रमविश्लेषण म्हणतात, मुलं आणि पालक, नवरा-बायको यांच्या निरीक्षणात हे बरंच वापरलं गेलंय. छत्र्यांचा प्रश्न राहतो, म्हणजे डेडलाइनमुळे दोघंही एकाच वेळी जागे. त्यावर उपाय, एकाच तासातल्या मेसेजचा क्रम कॉम्प्युटरकडून हजारो वेळा पिसून घ्या आणि बघा की तुमचा ६० टक्क्यांचा आकडा नुसत्या योगायोगाने किती वेळा निघतो. पाऊस सगळ्या पिसलेल्या क्रमांतही तसाच राहतो, मोडतं ते फक्त कोणी कोणानंतर लिहिलं हे.

---

सरळरेषा:

नेटवर्क ग्राफ काढा, एका क्लिकचं काम आहे. कोण कोणाला टॅग करतं त्याच्या रेषा. एवढं तत्त्वज्ञान कशाला.

---

अर्धवट_नोट्स:

@सरळरेषा टॅग फार कमी लोक करतात हो आमच्यात, ग्राफ काढला तर तीन रेषा आणि बाकी सगळे ठिपके.

@जुना_विद्यार्थी छत्र्या आणि सायकली एकदम डोक्यात बसल्या, आभार. @आकडेमोडे पिसण्याची कल्पना भारी आहे, पण एक शंका येतेय, चॅटवर 'लगेच नंतरचा मेसेज' हे उत्तर असतंच असं कुठे आहे?

---

कानोसा:

शंका अगदी रास्त आहे. मी संभाषण-विश्लेषणावर काम करते, त्यामुळे आता जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

समोरासमोरच्या बोलण्यात 'लगेच नंतर' या गोष्टीला प्रचंड वजन असतं. दहा भाषांमधल्या हो-नाही प्रश्नांचा २००९ साली आलेला एक तुलनात्मक अभ्यास आहे, त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा सरासरी वेळ साधारण २०० मिलिसेकंद निघाला, भाषांमध्ये फरक आहेत पण तेही बारीक. एवढ्या वेळात माणसाला वाक्य रचता येत नाही, म्हणजे समोरचा बोलत असतानाच तो कुठे थांबेल याचा अंदाज घेत आपण तयारी करत असतो. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ साली पाळीपाळीने बोलण्याची जी व्यवस्था मांडली ती यावरच उभी आहे. आणि चॅटवर नेमका हाच आधार निखळतो. सुझन हेरिंगने १९९९ मध्येच दाखवलं होतं की टाइप केलेल्या गप्पांत मेसेज सर्व्हरवर पोचेल त्या क्रमाने दिसतात, त्यामुळे प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये दुसऱ्याच विषयाचे चार मेसेज घुसतात. तरी लोक गोंधळत नाहीत, बरोबर धागा पकडतात. म्हणून @आकडेमोडे, तुमची पद्धत वापरायच्या आधी कुठला मेसेज कुठल्या मेसेजला उद्देशून आहे हे माणसाने बसून ठरवावं लागेल, नुसत्या क्रमावर सोडता येणार नाही.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट, जी मोजणीच्या तक्त्यात येऊच शकत नाही. न आलेलं उत्तर.

शेग्लॉफचा १९६८ चा फोनवरचा लेख आहे. पोलिसांकडच्या जवळपास ५०० कॉलच्या सुरुवाती त्याने तपासल्या. नियम सोपा दिसत होता, फोन उचलणारा आधी बोलतो. सगळीकडे लागू पडला, एक कॉल सोडून. त्या कॉलमध्ये रिसीव्हर उचलला गेला, शांतता, आणि मग फोन करणारीच बाजू 'हॅलो' म्हणाली. आता ५०० मध्ये एक म्हणजे कोणीही सोडून देईल, संख्याशास्त्रवाले तर नक्कीच (चिडू नका). शेग्लॉफने उलट त्या एका कॉलसाठी नियम नव्याने मांडला. त्याचं म्हणणं असं की फोनची रिंग हीच पहिली पाळी आहे, ती हाक आहे, आणि उचलणाऱ्याचं 'हॅलो' हे त्या हाकेला दिलेलं उत्तर. उत्तर आलं नाही म्हणून करणाऱ्याने परत हाक मारली, या वेळी तोंडाने. एकदा असं मांडलं की बाकीचे सगळे कॉल आणि तो एक विचित्र कॉल, दोन्ही एकाच नियमात बसतात.

यातून निघतं काय, तर जगात कोण कोण आत्ता काय काय बोलत नाहीये याची यादी न संपणारी आहे, त्या सगळ्या न बोलण्याला आपण मौन म्हणत नाही. पण प्रश्न विचारला गेला की त्यानंतरची शांतता 'न दिलेलं उत्तर' होते, ती कोणाच्या तरी नावावर पडते, त्याचा अर्थ लावला जातो, रागावलाय का, बघितलं नाही का, मुद्दाम का. तुमच्या तक्त्यात अशा जागी शून्य आहे. माझ्या मते तिथे आंतरक्रिया ठासून भरलेली आहे.

---

जुना_विद्यार्थी:

यावरून समाजशास्त्रज्ञ गॉफमन आठवला. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एक ओझरती नजर टाकतात आणि मग मजल्याच्या आकड्यांकडे बघत बसतात, ते न बघणंही एकमेकांसाठी केलेलं असतं, तू दिसलास पण तुझ्यात नाक खुपसणार नाही असं. १९६३ च्या पुस्तकात त्याने याला सभ्य दुर्लक्ष अशा अर्थाचं नाव दिलंय. छत्र्यांपेक्षा हे वेगळं, कारण छत्रीवाल्यांना शेजारी कोणी नसतं तरी छत्री उघडलीच असती, लिफ्टमध्ये एकटा असलेला माणूस मात्र आरशात बघून केस नीट करतो.

पण एक अडचण सांगून ठेवतो, तोंडी परीक्षेत येईल. सुरुवातीच्या काळात गॉफमनची व्याख्या माणसं एकमेकांच्या प्रत्यक्ष, शरीराने समोर असण्यावर बेतलेली आहे. चॅट त्यात बसत नाही. कोणी आडवा प्रश्न टाकला तर?

---

कानोसा:

तर सांगायचं की फोनवरही शरीर समोर नसतं आणि शेग्लॉफचं काम फोनवरच उभं राहिलं. शिवाय जॉन थॉम्पसनने १९९५ मध्ये तीन प्रकार केलेत ते सोयीचे आहेत: समोरासमोर, मग पत्र-फोन यांसारखी माध्यमातून होणारी पण दोन्ही बाजूंनी चालणारी, आणि तिसरी टीव्ही-वर्तमानपत्राची, जिच्यात एकच बाजू बोलते आणि ऐकणारे अमर्याद. ग्रुप चॅट दुसऱ्या प्रकारात मोडतो, पण नुसतं वाचत बसणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर तिसऱ्याकडे झुकतो. ते गप्प वाचक तुमच्या ग्रुपमध्ये किती आहेत?

---

अर्धवट_नोट्स:

खूप! निम्म्याहून जास्त.

मौनाचा मुद्दा वाचल्यावर डेटा परत उघडला आणि हा तुकडा सापडला, आधी दहा वेळा डोळ्याखालून गेला असेल. मजकूर थोडा बदलून टाकतेय:

क (रात्री ९.१२): तिसऱ्या प्रकरणातला शेवटचा मुद्दा कोणाला कळलाय का? मला नाही लागत
(काहीच नाही)
च (९.५१): पीडीएफ कोणाकडे आहे
ट (९.५१): थांब टाकतो
ख (९.५२): माझ्याकडे पण आहे, स्वच्छ स्कॅन
ड (९.५२): मला पण हवीये
ट (९.५३): [फाइल]
क (९.५८): सोडा, मिळालं 👍

माझ्या तक्त्यात 'क' चे दोन मेसेज, बाकीच्यांचे पाच, आणि एकंदर 'उच्च सहभागाची वेळ' असा शेरा आहे. आता हसू येतंय. पण यातून काय काढायचं ते नीट कळत नाहीये, 'क' ला खरंच मिळालं असेल की!

---

कानोसा:

खरंच मिळालं का हे आपल्याला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. 'सोडा' बघा. सोडा काय? कोणी काही धरलेलंच नव्हतं. ४६ मिनिटं कोणी उत्तर दिलेलं नाही, तरी 'क' असं लिहितो की जणू सगळे त्याचा प्रश्न हातात घेऊन बसले होते आणि आता तो त्यांना मोकळं करतोय. म्हणजे त्याने स्वतःच सांगितलं की माझा प्रश्न अजून उघडा आहे, उत्तर येणं बाकी होतं, आणि ते न आल्याची लाज मी तुमच्यावर टाकत नाही. त्यात तो अंगठा. हे विश्लेषण मी त्याच्या मनात शिरून करत नाहीये, त्याने पुढच्या मेसेजमध्ये मागच्या शांततेला कसं वागवलं त्यावरून करतेय. आमच्याकडे पुरावा म्हणजे हाच, पुढची पाळी.

वेळही बघा. ९.५८. लोक जागे आहेत, फोन हातात आहेत हे पीडीएफच्या गडबडीत सगळ्यांना दिसलं, आणि त्यानंतर पाच मिनिटांत हा मेसेज. ९.१२ ची शांतता तोवर 'कोणी बघितलं नसेल' म्हणून चालून जात होती, ९.५३ नंतर ती तशी चालेना.

---

तळमजला:

सगळं वाचलं. छान चाललंय, पण मला एक सांगा, 'क' च्या जागी दुसरं कोणी असतं तर उत्तर आलं असतं का?

हा प्रश्न तुमच्या तुकड्यातून सुटत नाही आणि म्हणूनच मला या सूक्ष्म विश्लेषणाचा कंटाळा येतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूची तक्रार हीच होती, आंतरक्रियेचं पूर्ण सत्य आंतरक्रियेत सापडत नाही, माणसं तिथे येतानाच आपापल्या जागा घेऊन येतात. 'क' ची भाषा, त्याचे मार्क, तो आधीच्या वर्षी नापास झालाय का, त्याच्याकडे लॅपटॉप आहे की तो मोबाईलवरच अभ्यास करतो, हे ९.१२ च्या आधी ठरून गेलेलं असतं. झिमरमन आणि वेस्ट यांचा १९७५ चा अभ्यास घ्या, स्त्री-पुरुषांच्या मिश्र संभाषणांत ४८ वेळा मध्येच तोडणं झालं, त्यातलं ४६ वेळा पुरुषाने तोडलं. संभाषणं फक्त ११ होती, आणि नंतरच्या अभ्यासांचे निकाल इतके एकतर्फी आले नाहीत, हे मान्य. पण प्रश्न विचारायची रीत मला त्यांचीच पटते, की कोणाचं बोलणं कोणाला तोडता येतं. तुमच्याकडे त्याचा जोडीदार प्रश्न आहे, कोणाला उत्तर न देऊन चालतं.

---

कानोसा:

@तळमजला कंटाळा येऊ द्या, पण 'जागा घेऊन येतात' म्हणजे त्या कुठे दिसतात ते दाखवायला लागेलच ना? नाहीतर आधी ठरवायचं की 'क' कमजोर आहे आणि मग त्याच्या प्रत्येक मेसेजात कमजोरी वाचायची. त्याच रात्री, त्याच ग्रुपमध्ये, पीडीएफ मागणाऱ्याला मिनिटाच्या आत उत्तर आलं. पण फाइल असणं आणि अवघड मुद्दा कळलेला असणं यात फरक आहे. फाइल टाकणाऱ्याचं काही जात नाही, समजावून सांगणाऱ्याला स्वतःला कळलंय हे सगळ्यांसमोर सिद्ध करावं लागतं. कदाचित कोणाचीही जागा नाही, प्रश्नाचीच जात तशी.

---

तळमजला:

कदाचित. मग तपासा की. त्याच जातीचे प्रश्न दुसऱ्यांनी विचारले तेव्हा काय झालं ते बघा. गोळाबेरीज नको, अवघड मुद्दा समजावून मागणारे सगळे प्रश्न एका बाजूला काढा आणि बघा उत्तर कोणाला मिळालं, किती वेळाने, कोणाकडून.

---

आकडेमोडे:

अहो आणि हेच तर मॅडमचं इंटरॅक्शन! विचारणाऱ्याचं ग्रुपमधलं स्थान एक चल, प्रश्नाचा प्रकार दुसरा. फाइल मागितली तर सगळ्यांना सारखंच उत्तर मिळतंय आणि समजावून मागितलं की फक्त ठराविक लोकांना, असं निघालं तर स्थानाचा परिणाम प्रश्नाच्या प्रकारावर अवलंबून आहे. कानोसा आणि तळमजला दोघंही थोडे थोडे बरोबर निघतील आणि दोघांनाही आवडणार नाही.

---

जुना_विद्यार्थी:

यावर समाजशास्त्रज्ञ ब्लूमर काय म्हणाला असता ते आठवून गंमत वाटली. 'प्रतीकात्मक आंतरक्रियावाद' (माणसं गोष्टींना दिलेल्या अर्थानुसार वागतात असं मानणारा विचार) हे नाव त्यानेच १९३७ मध्ये दिलं, आणि १९५६ मध्ये चलांच्या विश्लेषणावर टीका करणारा लेख लिहिला, त्यातला मुद्दा असा की डावीकडचं चल आणि उजवीकडचं चल यांच्या मधोमध माणसं बसलेली असतात, ती समोरच्या गोष्टीचा अर्थ लावतात आणि मग वागतात, आणि तुमचं समीकरण ती मधली जागाच गिळतं. तुमचं मॉडेल सांगेल की अमुक स्थानाच्या माणसाला अमुक प्रश्नावर उत्तर कमी मिळतं. ९.१२ ला तो मेसेज वाचून फोन खाली ठेवणाऱ्या वीसेक जणांनी मनाशी काय म्हटलं ते सांगणार नाही. 'दुसरं कोणीतरी देईल'? 'याचं नेहमीचंच'? 'मलाही नाही कळलं, गप्प बसलेलं बरं'? तिन्हींचा परिणाम सारखाच, उत्तर नाही. त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतील, आणि तिथे लोक नंतर सुचलेली कारणं सांगतात ही वेगळीच डोकेदुखी.

---

अर्धवट_नोट्स:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं तर वर्षभरात वर्गात नाही झालं.

तर आता ठरवलंय ते असं: वारंवारतेचा तक्ता परिशिष्टात टाकणार, मेहनत केलीये फेकून नाही देणार. मुख्य प्रकरणात फक्त प्रश्न घेणार, त्यांचे दोन गट, वस्तू मागणारे आणि समजावून मागणारे, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर आलं का, कोणाकडून, किती वेळाने. उत्तर कुठलं हे हाताने ठरवणार, क्रमावरून नाही. मग त्यातून न उत्तर मिळालेले चार-पाच तुकडे घेऊन कानोसाताईंनी केलं तसं बारीक वाचन. मुलाखती जमल्या तर गप्प वाचकांच्या, गाईड हो म्हणाले तर. हे एमएच्या लघुप्रबंधाला जास्त होतंय का? आणि सुरुवात कुठून करू?

---

कानोसा:

जास्त नाही, मुलाखती सोडल्या तर. त्या पुढच्या पदवीला ठेवा. आणि खाजगीत दिलेली उत्तरं तुमच्या डेटात नाहीत हे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहा, 'क' ला कोणीतरी वैयक्तिक मेसेज करून समजावलं असेल तर 'मिळालं' अक्षरशः खरं असेल आणि तरीही ग्रुपमधल्या 'सोडा'चं वाचन बदलत नाही.

---

आकडेमोडे:

सुरुवात कोडिंगपासून, म्हणजे मेसेजना खुणा लावण्यापासून. कुठला मेसेज कुठल्या प्रश्नाचं उत्तर हे तुम्ही ठरवा आणि मैत्रिणीला स्वतंत्रपणे ठरवायला लावा, तिला तुमचे निर्णय दाखवू नका, मग दोघींचं किती जुळतं ते काढा, त्यासाठी कोहेनचा कॅपा (योगायोगाने जुळणारं वगळून जुळणी मोजणारा आकडा) चालेल. सगळ्या मेसेजवर नको, शंभरेक प्रश्नांवर पुरे. आणि हे करायच्या आधी आजच ग्रुपच्या ॲडमिनला विचारा की कोणी मेसेज डिलीट केलेत का आणि एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये त्याची खूण राहते का, कारण तशी खूण नसेल तर दिलेलं आणि मग काढून टाकलेलं उत्तरही तुम्ही मौन म्हणून मोजाल.